वाचकांचे प्रश्न : धावपटूचा प्रशिक्षक होताना

मागच्या अंकात कमी अंतराच्या शर्यतींविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांत महाविद्यालयीन धावपटूंची, क्रीडाशिक्षकांची आणि पालकांची पत्रे सर्वाधिक होती. त्यांतील तीन पत्रांना या वेळी उत्तर देत आहे. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण तोच प्रश्न मला वयाच्या तेविसाव्या वर्षी पडला होता आणि तेव्हा विचारावे असे जवळ कोणी नव्हते.

प्रश्न : मी अंबाजोगाई येथे बी.ए.च्या तृतीय वर्षात शिकतो. १०० आणि २०० मीटर धावतो. विद्यापीठाच्या संघातून दोनदा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत बाद झालो. आमच्या मैदानावर सरांनी लावलेल्या स्टॉपवॉचवर माझी १०० मीटरची वेळ १०.९ सेकंद आहे. घरी चार एकर कोरडवाहू शेती आहे. वडील म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. सर म्हणतात, बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) कर. मला मनापासून प्रशिक्षक व्हायचे आहे, परंतु ज्याच्याकडे राष्ट्रीय पदक नाही त्याच्याकडे शिकायला कोण येणार, अशी भीती वाटते. अमेरिकेतील प्रशिक्षक एड टेंपल यांचे नाव मी ऐकले आहे. तेही महाविद्यालयीन धावपटूच होते, असे कळले. त्यांनी हे कसे साधले? — एक विद्यार्थी, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : आधी तुमच्या वेळेविषयी बोलू, कारण प्रशिक्षकाचे काम तेथूनच सुरू होते. हाताने घेतलेली वेळ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्राने नोंदलेली वेळ यांत फरक असतो. वेळ घेणाऱ्याचा अंगठा पिस्तुलाचा धूर दिसल्यावर किंचित उशिराने दाबला जातो. अंतिम रेषेवर मात्र धावपटू समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे तेथे तेवढा उशीर होत नाही. म्हणून १०० आणि २०० मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडण्याची पद्धत आहे. तुमचे १०.९ सेकंद म्हणजे साधारण ११.१४ सेकंद झाले आणि तेही मैदान टेपने नीट मोजलेले असेल आणि पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक नसेल, तरच. २०२५ च्या जुलैमध्ये अनिमेष कुजूर याने ग्रीसमध्ये १०.१८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. त्या शर्यतीत तुम्ही असता, तर त्याने अंतिम रेषा ओलांडली तेव्हा तुम्ही आठ-नऊ मीटर मागे असता. तुम्हाला खचवावे म्हणून हे लिहीत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद झाल्याचे कारण तुम्हाला आकड्यांत दिसावे, एवढाच हेतू आहे. उद्या तुमच्या हाती स्टॉपवॉच येईल, तेव्हा विद्यार्थ्याला खूश करण्यासाठी तुम्ही वेळ कमी सांगू नये, हेही त्यात आलेच. आपल्याकडे गावच्या मैदानावर खोट्या वेळा ऐकत मोठी झालेली मुले राज्य स्पर्धेत एकदम गोंधळून जातात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता पदकाच्या भीतीकडे वळू. पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नांबियार वायुसेनेत होते आणि धावपटू म्हणून त्यांच्या नावावर कोणतेही आंतरराष्ट्रीय पदक नव्हते. त्यांनी उषांना ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, आणि १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच मानकऱ्यांत नांबियार होते. टेक्सासमधील बेलर विद्यापीठाचे क्लाइड हार्ट यांचेही तसेच आहे. ते १९५० च्या दशकात त्याच विद्यापीठाकडून धावले, १९६३ पासून २००५ पर्यंत तेथेच मुख्य प्रशिक्षक राहिले, आणि १९९६ मध्ये अटलांटात २०० मीटर १९.३२ सेकंदांत धावणारा मायकल जॉन्सन त्यांच्याच हाताखाली तयार झाला. हार्ट स्वतः कधी ऑलिंपिकमध्ये धावले नाहीत. त्यांच्याकडे शिकायला आलेल्या मुलांनी त्यांच्या पदकांची चौकशी केली असेल, असे मला वाटत नाही.

एड टेंपल यांच्याविषयी तुम्ही विचारलेत, याचा मला विशेष आनंद झाला, कारण मराठवाड्यातील प्रशिक्षकाने ज्यांच्याकडून सर्वाधिक शिकावे अशी ती व्यक्ती आहे. त्यांचा जन्म १९२७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्ग येथे झाला. नॅशव्हिल येथील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या टेनेसी स्टेट विद्यापीठात, ते कमी अंतराचे धावपटू म्हणून दाखल झाले. १९५० मध्ये पदवी हाती येताच महाविद्यालयाने त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला : महिना १५० डॉलर मिळतील, पदव्युत्तर शिक्षण घेता येईल, आणि त्या बदल्यात महाविद्यालयाच्या आवारातील टपाल कार्यालय सांभाळायचे व मुलींच्या धावण्याच्या संघाला शिकवायचे. म्हणजे प्रशिक्षकपद ही स्वतंत्र नोकरीसुद्धा नव्हती. धावपट्टी मातीची होती आणि तीही अपुरी राहिलेली. टेंपल तिच्यावर स्वतः चुन्याच्या रेषा आखत. मुलींना खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. आपल्या विद्यापीठांतील ‘कमवा आणि शिका’ योजनेप्रमाणे त्या रोज दोन तास आवारात काम करून शिक्षणाचा खर्च भागवत. वर्णभेदाच्या त्या काळात स्पर्धेसाठी दक्षिणेतून प्रवास करताना वाटेतल्या उपाहारगृहांत त्यांना प्रवेश नसे, त्यामुळे जेवण सोबत बांधून न्यावे लागे.

या संघातून विल्मा रुडॉल्फ घडली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे कित्येक वर्षे जिच्या पायाला आधाराची पट्टी होती, त्या मुलीला टेंपल यांनी प्रथम पाहिले ते बास्केटबॉलच्या मैदानावर, पंच म्हणून काम करत असताना. १९५६ मध्ये सोळा वर्षांची असताना तिने रिलेचे कांस्यपदक मिळवले आणि १९६० मध्ये रोम येथे तीन सुवर्णपदके जिंकली. त्या वेळी सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकेच्या ४ × १०० रिले संघातील चारही मुली टेंपल यांच्याच विद्यार्थिनी होत्या. पुढे वायोमिया टायस हिने १९६४ आणि १९६८ अशी सलग दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची शर्यत जिंकली. तोपर्यंत कोणत्याही पुरुषाला किंवा स्त्रीला ते जमले नव्हते. १९९४ मध्ये टेंपल निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या ४० विद्यार्थिनी ऑलिंपिकपर्यंत पोहोचल्या होत्या आणि त्यांनी २३ पदके मिळवली होती. मला स्वतःला या सर्वांहून मोठी वाटते ती गोष्ट अशी की त्या ४० जणींपैकी जवळजवळ सर्वांनी पदवी पूर्ण केली. टेंपल स्वतः त्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलीला संघात सहज जागा मिळू देत नसत.

त्यांच्या सर्वच पद्धती मला मान्य आहेत, असे नाही. सरावाला जितकी मिनिटे उशीर तितक्या जादा चकरा, असा त्यांचा दंडक होता. एकदा झोप लागून अर्धा तास उशीर झाल्याने रुडॉल्फला तीस चकरा माराव्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी येऊन बसली, ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कमी अंतराच्या धावपटूला तीस चकरांची शिक्षा मी कधीच देणार नाही, कारण त्यातून शिस्त लागली तरी त्या आठवड्याचा वेगाचा सराव वाया जातो. परंतु पंच म्हणून शिट्टी वाजवत असताना उंच, लांब पायांची एक मुलगी वेगळी धावते, हे ज्या डोळ्याला दिसले, तो डोळा तुम्ही कमवावा, असे मला मनापासून वाटते. आपल्या शेजारचा धाराशिव जिल्हा खो-खोचा आहे. २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे तेथील. खो-खोतील चांगल्या आक्रमकाची उठल्यानंतरची पहिली पाच पावले पाहा. आपल्या धावपटूंना ब्लॉकमधून (सुरुवातीला पाय रोवण्याच्या आधारांवरून) निघताना जे शिकवावे लागते, ते त्या मुलांच्या पायांत आधीच असते. अविनाश साबळे तुमच्याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा. वीटभट्टीवर काम करणाऱ्या आई-वडिलांचा हा मुलगा सैन्यात गेल्यानंतर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या लांब शर्यतीकडे, वळला, आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांच्या वेळेसह त्याने रौप्यपदक मिळवले. अशी मुले आपल्या वस्त्यांवर आजही आहेत.

आता मी काय चूक केली ते सांगतो, कारण धावपटू प्रशिक्षक होतो तेव्हा बहुधा तीच चूक करतो. १९८० च्या दशकात, सगळ्या मराठवाड्याला एकच विद्यापीठ होते त्या काळात, मी विद्यापीठाकडून २०० मीटर धावलो. मांडीचा मागचा स्नायू दोनदा फाटल्यावर धावणे थांबले. मग मी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आणि एका शाळेत क्रीडाशिक्षक झालो. पहिल्याच वर्षी पंधरा वर्षांची एक अतिशय गुणी मुलगी माझ्याकडे आली. मी महाविद्यालयात असताना जो सराव करत होतो, तोच तिला दिला : १५० मीटरच्या सहा धावा, मध्ये फक्त चालत परत येण्याएवढी विश्रांती, आठवड्यातून पाच दिवस, एप्रिलमध्ये, दगडासारख्या टणक मुरमावर. नडगी दुखते, असे ती सांगत राहिली आणि सवय होईल, असे मी म्हणत राहिलो. शेवटी डॉक्टरांनी नडगीच्या हाडाला बारीक चीर गेल्याचे सांगितले. तिचा तो हंगाम गेला आणि पुढच्या वर्षी ती मैदानावर आलीच नाही. या गोष्टीला इतकी वर्षे झाली तरी ती माझ्या मनातून गेलेली नाही. धावपटूला एकच शरीर ठाऊक असते, ते म्हणजे स्वतःचे. दुसऱ्याचे शरीर वाचणे ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकावीच लागते.

त्या वेळी मला एक साधी गोष्ट नीट कळली नव्हती. पूर्ण वेगाने धावताना स्नायू जी तयार ऊर्जा वापरतात, तिचा साठा सहा ते दहा सेकंदांत उतरतो आणि पुन्हा भरायला काही मिनिटे लागतात. म्हणून दर दहा मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती हा वेगाच्या सरावातला जुना, उपयुक्त हिशेब आहे. ६० मीटरची खरी धाव झाली की पुढच्या धावेआधी पाच-सहा मिनिटे थांबायचे. विश्रांती कापली की मुलगा दमतो, घामाघूम होतो आणि पाहणाऱ्याला सराव जोरात चालला आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो हळू धावण्याचा सराव करत असतो. मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक आणि संस्थाचालक यांना ही विश्रांती आळस वाटते. ती त्यांना समजावून सांगण्याचे धैर्यही प्रशिक्षकाला लागते.

उपजीविकेचा प्रश्न तुम्ही थेट विचारलेला नाही, परंतु चार एकर कोरडवाहू या शब्दांत तो आलेला आहे. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर बीपीएड आवश्यक आहे. ते दोन वर्षांचे असून त्याच्या प्रवेश परीक्षेत मैदानावरची चाचणीही असते, जी तुम्हाला अवघड जाऊ नये. पुढे एमपीएड करून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालात तर महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक होता येते, आणि तेथे आंतरविद्यापीठ स्पर्धेतील सहभागाची नोंद उपयोगी पडते. म्हणून ती दोन प्रमाणपत्रे जपून ठेवा. खऱ्या अर्थाने प्रशिक्षणाची पदविका मात्र पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची, जिला आपण सगळे एनआयएस म्हणतो. शासकीय प्रशिक्षकपदांसाठी तिलाच मान आहे. पैशाची सोय होईपर्यंत सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाने सुरुवात करावी, परंतु माझ्यासारखे तेथेच थांबू नये. मी पूर्ण पदविका बऱ्याच वर्षांनी केली आणि ती आधी केली असती तर त्या मुलीची नडगी वाचली असती.

वडिलांच्या म्हणण्याला मी कमी लेखत नाही. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ असे ५० गुण असतात. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे असते. लातूर, नांदेड, बीड येथे या चाचणीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडम्या गल्लोगल्ली आहेत आणि तुमच्यासारखे कितीतरी कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेले खेळाडू, तेथे सकाळ-संध्याकाळ शिकवून घर चालवतात. ते प्रामाणिक काम आहे आणि शिकवण्याची सवय त्यातून उत्तम लागते, कारण पन्नास मुलांच्या घोळक्यात कोणाचे पाऊल बाहेर पडते, कोण खांदे आवळून धावतो, हे रोज पाहायला मिळते. फक्त भरतीचा गट आणि धावपटूंचा गट वेगळा ठेवा. १६०० मीटरच्या तयारीसाठीच्या लांब धावा बारा-चौदा वर्षांच्या वेगवान मुलाला त्याच रांगेत उभे करून देऊ नका.

यंदा तुमचे विद्यापीठाचे शेवटचे वर्ष आहे. मन लावून धावा, आणि त्याबरोबर आजपासून एका वहीत स्वतःच्या नव्हे तर संघातील दुसऱ्या एका धावपटूच्या सरावाची नोंद ठेवा : काय केले, किती विश्रांती घेतली, झोप कशी झाली, कोठे दुखले, वेळ किती लागली. वर्षअखेरीस ती वही तुमच्या सरांना दाखवा. ती भरताना कंटाळा आला नाही, तर वडिलांशी बोलताना तुमच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असेल.

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. महाविद्यालयात असताना १०० मीटर धावत होतो. शाळेचे मैदान काळ्या मातीचे आहे, स्टार्टिंग ब्लॉक नाहीत आणि सिंथेटिक ट्रॅक मुलांनी पाहिलेलाही नाही. अशा स्थितीत धावण्याची सुरुवात कशी शिकवावी? — एक शिक्षक, औसा (जि. लातूर)

उत्तर : १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकणारा जेसी ओवेन्स ब्लॉकवरून धावला नव्हता. तो ओहायो स्टेट विद्यापीठाचा धावपटू होता, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे हातातल्या छोट्या खुरप्याने धावपट्टीत पायांसाठी खड्डे खणून त्यांतून तो निघाला. ऑलिंपिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ मध्ये. तुमच्या गावात खुरपे घरोघरी आहे. पुढच्या पायाचा खड्डा रेषेपासून मुलाच्या पावलाच्या दुप्पट लांबीवर आणि मागच्या पायाचा त्यामागे आणखी एका पावलाच्या लांबीवर घ्या. खड्ड्याची मागची बाजू तिरकी ठेवा, म्हणजे पायाला रेटा मिळेल. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात गोळा होऊन पायाला चिकटते, त्यामुळे तीस-चाळीस मीटर लांबीची मुरमाची एक पट्टी गावकऱ्यांकडून टाकून घ्या. सराव संपला की खड्डे बुजवायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या वर्गाच्या मुलाचा पाय मुरगळतो.

त्याहून उपयोगी साधन तुमच्या आसपासच आहे, ते म्हणजे बालाघाटच्या डोंगररांगेचे सौम्य चढ. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी मैदानावर पाणी मारण्याचे नाव कोणी काढू शकत नव्हते. आम्ही मुलांना पहाटे चढाच्या कच्च्या रस्त्यावर नेऊ लागलो आणि सुरुवातीच्या पावलांत झालेली सुधारणा पाहून मीच चकित झालो. चढावर शरीर आपोआप पुढे झुकते, पाय मागे पूर्ण ताणला जातो आणि घाईने ताठ उभे राहण्याची खोड मोडते. वीस ते तीस मीटर, सहा धावा, प्रत्येक धावेनंतर सावकाश उतरून पुरेशी विश्रांती, एवढे पुरे.

शिवाय रिलेकडे लक्ष द्या. बॅटनची देवाणघेवाण शिकवायला ट्रॅक लागत नाही. फक्कीच्या दोन रेषांमध्ये तीस मीटरचा बदलाचा पट्टा आखला की झाले. रोममध्ये अंतिम फेरीत शेवटची बॅटन रुडॉल्फच्या हाती नीट बसली नाही आणि तिला मागून गाठून जिंकावे लागले. तिला ते जमले, आपल्या मुलांना जमेलच असे नाही. चार मध्यम वेगाच्या मुली चांगल्या बॅटनबदलाच्या जोरावर जिल्ह्यात पहिल्या येतात, हे मी स्वतः पाहिले आहे. अधिकृत स्पर्धेत ४०० मीटरपर्यंतच्या शर्यती ब्लॉकवरून सुरू कराव्या लागतात आणि २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला धावपटू बाद होतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मुलांना एकदा तरी जिल्हा क्रीडा संकुलात नेऊन खऱ्या ब्लॉकवर बसवा.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नात माझ्याकडे राहते, आठवीत आहे आणि तालुक्यात धावण्यात पहिली आली आहे. शहरातून एक सर आले होते. ते पूर्वी विद्यापीठाकडून धावत होते आणि आता अकॅडमी चालवतात. नातीला त्यांच्या वसतिगृहात पाठवा, असे म्हणतात. मी शिकलेला नाही. अशा माणसावर विश्वास ठेवावा का, हे कसे ओळखावे? — एक आजोबा, धारूर (जि. बीड). पत्र नातीने लिहून दिले आहे.

उत्तर : आजोबा, तुम्ही विचारून घेतलेत हे फार चांगले केले. विद्यापीठाकडून धावलेला माणूस चांगला शिकवतोच असे नाही, हे मी वर लिहिलेच आहे; तेव्हा त्यांच्या जुन्या पदकांच्या फोटोंवर जाऊ नका. प्रशिक्षणाचे शिक्षण कोठे घेतले, हे विचारा आणि प्रमाणपत्र पाहायला मागा. नातीला वाचता येते, तिला वाचून दाखवायला सांगा. जो खरा शिकलेला आहे त्याला याचा राग येत नाही.

वसतिगृहात मुलींसाठी रात्री मुक्कामाला बाई आहेत का, मुलींच्या खोल्या वेगळ्या आणि कडी असलेल्या आहेत का, आणि आधी न कळवता तुम्हाला कधीही भेटायला जाता येईल का, हे तीन प्रश्न न लाजता विचारा. लहान मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ पासून पोक्सो कायदा आहे आणि तो प्रशिक्षकालाही लागू आहे, हे त्या सरांना ठाऊक असायलाच हवे. नातीची शाळा कोणती असेल आणि ती रोज शाळेत जाईल का, हेही विचारा. नुसते धावणे आणि नावापुरता पट, अशी व्यवस्था असेल तर नको म्हणा. ज्या टेंपल यांच्याविषयी मी वर लिहिले, त्यांच्या जवळजवळ सर्व मुली पदवीधर झाल्या. ऑलिंपिकच्या मुलींना अभ्यास चुकला नाही, तर आठवीतल्या मुलीला तो का चुकावा?

ताकदीसाठी म्हणून कोणी गोळ्या, पावडर किंवा इंजेक्शन देत असेल तर त्याच दिवशी नातीला घरी आणा. शरीरात बंदी असलेले औषध सापडले तर ते कोणी दिले, हे नंतर सांगून सुटका होत नाही. बंदी खेळाडूवरच येते. या वयात तिला भाकरी, डाळ, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी आणि परवडेल तेव्हा अंडी मिळाली तर पुरेसे आहे. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींत रक्त कमी असण्याचे प्रमाण आपल्याकडे फार आहे, म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. कितीतरी मुली आळशी ठरवल्या जातात आणि प्रत्यक्षात त्यांना लोहाची गरज असते.

एक अडचण तुमच्या पत्रात लिहिलेली नाही, परंतु मला ती दिसते. शालेय स्पर्धांचे मोठे दिवस आणि ऊसतोडीचे दिवस एकच असतात, म्हणून या पट्ट्यातील चांगल्या मुली हंगामाच्या मध्यात आई-वडिलांबरोबर फडावर निघून जातात. नात तुमच्याजवळ राहते, ही तिच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. शहरात पाठवण्याची घाई नसेल तर गावच्या शाळेतच आणखी एक वर्ष तिला धावू द्या. तिने १०० मीटरबरोबर लांब उडी मारावी, खो-खो खेळावे, आठवड्यातून दोन दिवस काहीच करू नये. तेरा-चौदाव्या वर्षी एका वर्षाने काही बिघडत नाही. तोपर्यंत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवडचाचण्या कधी असतात आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठीच्या शासकीय वसतिगृहात जागा आहे का, याची चौकशी करा.

तरीही पाठवायचे ठरले, तर आधी नातीला घेऊन एकदा त्या मैदानावर जा आणि एक संपूर्ण संध्याकाळ कडेला बसा. मुली दमल्यावर त्यांना थांबू देतात का, ते पाहा. एखादी मुलगी पाय धरून बसली तर सर काय करतात, ते पाहा. दुखते आहे हे सांगायला मुली कचरत असतील, तर नातीला घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत या.